सावली, पाऊस आणि चिंचोके : वाचनालयाच्या ओट्यावरच्या नोंदी

२५ मे २०२४, शनिवार

आज शून्य सावलीचा दिवस. अमळनेरच्या आसपास सूर्य वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो, आत्ता मेच्या पंचविशीला आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. कर्कवृत्ताच्या वर राहणाऱ्यांना हा दिवस कधीच मिळत नाही, आपल्याला दोनदा मिळतो, आणि तरी गावात कुणाला ठाऊक नव्हता.

काल संध्याकाळी गल्लीत सांगून ठेवलं होतं : बारा वाजता वाचनालयाच्या ओट्यापाशी या, डोक्याला रुमाल बांधा, पाणी पिऊन या. चौदा पोरं आली. ऊन असं की ओट्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता, म्हणून सगळं पंधरा मिनिटांत उरकायचं ठरवलं. गवंडीकाकांकडून ओळंबा आणला होता. त्याच्या दोरीला लावून एक मीटरची काठी उभी केली, शेजारी पितळी गडू, विटीदांडूचा दांडू आणि कुणीतरी आणलेला पाण्याचा पाइप. सव्वाबाराला काठीची सावली बोटभर उरली. १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमाराला ती काठीच्या बुडाशी शिरली. गडूची सावली गडूखाली गेली. पोरं स्वतःच्या पायांकडे बघत उभी राहिली.

पहिलीतल्या चिमुरडीने विचारलं, "ताई, सावली कोठे गयी?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. दिलं नाही. तिचा प्रश्न खडूने भिंतीवर लिहिला आणि खाली तारीख घातली.

या वहीचं कारण लिहून ठेवते. गेली काही वर्षं वाचनालयात मुलं येतात ती गाइड मागायला. गोष्टीचं पुस्तक दिलं तर विचारतात, "परीक्षेला आहे का?" घरी मोबाइल, शाळेत घोकंपट्टी, आणि या दोहोंच्या मधला वेळ रिकामा. त्या रिकाम्या वेळात मुलाने आपल्या मनाने धरलेला एक छंद असावा, रोज थोडा, हाताने करायचा, डोळ्यांनी बघायचा, वहीत उतरवायचा, असं मला फार वाटतं. दर रविवारी सकाळी ओट्यावर बसायचं. नियम तीनच केले : गुण नाहीत, बक्षीस नाही, आणि बघितलेलं त्याच दिवशी लिहायचं.

२ जून, रविवार

पर्जन्यमापक बनवले. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा परत तिच्यातच बसवायचा. बाटली सरळ अंगाची हवी, कमरेत बारीक असलेली चालत नाही. बुडाला खाचाखोचा असतात, म्हणून तळाशी खडे घालून वर पाणी ओतायचं, आणि पाणी जिथे सपाट होतं तिथे शून्याची रेघ मारायची. तिथून वर पट्टी चिकटवायची.

नऊ बाटल्या झाल्या. कापायचं काम मी केलं, रेघा त्यांनी मारल्या. मिलिमीटरच्या रेघा मारताना सहावीतल्या मुलांचीही जीभ बाहेर आली होती! वर्गात पट्टी रोज वापरतात, पण शून्य पट्टीच्या कडेपासून नसतं, थोडं आत असतं, हे तिघांना आज पहिल्यांदा दिसलं.

बाटली कुठे ठेवायची यावर बराच वाद झाला. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर लांब ठेवायचं असं सांगितलं. गावात अशी मोकळी जागा मिळणं कठीण. शेवटी चौघांनी गच्ची धरली, तिघांनी खळं. वाचनालयाच्या दोन बाटल्या शाळेमागच्या पटांगणाच्या मध्यावर विटांच्या आधाराने उभ्या केल्या. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खातंही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजतं.

९ जून, रविवार

काल रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी दार उघडायच्या आत ओट्यावर सहा जण हजर, प्रत्येकाचा आकडा वेगळा. "मना डबामा पानी जास्त शे, तुना कमी." बघितलं तर एकाने बाटलीऐवजी घमेलं ठेवलेलं.

मला हे फार आवडलं. मग दिवसभर तेच केलं. घमेलं, सरळ काठांचा स्टीलचा डबा आणि बाटली अशी तिन्ही भांडी शेजारी ठेवून झारीने वरून सारखं पाणी शिंपडलं, झारी फिरवत फिरवत. बाटली आणि डबा यांच्यात उंची जवळपास सारखी, घमेल्यात जवळजवळ दुप्पट. डबा बाटलीपेक्षा चांगला तिप्पट रुंद, तरी पाणी सारखंच चढलं, हे कुणालाच पटेना. पाचवीतला जिभाऊंचा नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, डबा मोठा आहे म्हणून पाणीही जास्त झेलतो आणि ते पसरायला जागाही जास्त आहे. घमेल्याचं तोंड मोठं आणि बूड लहान, म्हणून पाणी वर चढतं.

हा मुलगा वाचताना अडखळतो. त्याची शाळेची वही मी पाहिली आहे, अर्धी वाक्यं, खोडाखोड. आज त्याने स्वतः सहा ओळी लिहिल्या. "घमेलं" चार वेळा लिहिलं, चारही वेळा वेगळं. मी काही दुरुस्त केलं नाही.

१६ जून, रविवार

काल शाळा उघडली. आता रविवार त्यांना जास्त हवा वाटेल की कमी, ठाऊक नाही. अकरा जण आले.

भिंतीवर आठवड्याचं पान लावायला सुरुवात केली. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, हे इथल्या मोठ्यांना ठाऊक आहे, पोरांना नव्हतं. रोज, स्वतःच्या हाताने! आमच्याने रोज होणार नाही, आठवड्याला एक कागद पुरे. त्यावर प्रत्येकाने आठवड्यात बघितलेली एकच गोष्ट, दोन ओळींत, आपल्या बोलीत लिहिली तरी चालेल. पहिल्या पानावर पाच नोंदी अहिराणीत आल्या. "आभाय भरनं पन पानी उना नही." वर्गात हे लिहिलं असतं तर लाल शाई झाली असती. मुलाने जे पाहिलं ते ज्या भाषेत पाहिलं तिच्यात आधी उतरलं पाहिजे, प्रमाण मराठी त्यानंतर येतेच, आणि सोपी होऊन येते. यावर शाळेतल्या एका सरांशी माझं बोलणं झालं. त्यांना पटलं नाही. मला पटलेलं आहे.

२३ जून, रविवार

आजची नोंद लांब होणार.

मंगळवारी रात्री १८ मिलिमीटर झाला. पोरांना सांगितलं होतं, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. यावरून जिभाऊंच्या नातवाने विचारलं, आमच्या एकरात किती पडलं? एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्याने ४०४७ गुणिले १८ ओट्यावर खडूने मांडलं. अठराचा पाढा त्याला येत नाही, म्हणून आधी दहाने गुणलं, मग आठने, मग बेरीज. दोनदा चुकला, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा आलं : ७२,८४६ लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर आणि वर थोडं. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन पळालेली ही पोरं आहेत, त्यांना सात टँकर म्हणजे काय ते कळतं. एका रात्रीत, एका एकरात! सगळे गप्प झाले.

संध्याकाळी जिभाऊ स्वतः वाचनालयात आले. या पायरीवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नातवाची वही मागितली. ती इथेच होती, दिली. चष्मा लावून जूनचे आकडे बोटाने मोजत गेले. एकूण ५२. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणीची घाई करू नका. जिभाऊंना हे माहीत आहे, पण आजवर पाऊस मोजायचा तो बोटाने माती उकरून, ओल किती खोल गेली ते बघून. तेही चुकीचं नाही. त्यांनी नातवाला विचारलं, "मंग काय म्हंतस, पेरू का थांबू?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी रॅकवरची पुस्तकं लावत राहिले. तो म्हणाला, "थांब आबा. अजून तेवीस पाहिजे."

जिभाऊंनी वही मिटली आणि काही न बोलता गेले.

३० जून, रविवार

पाऊस. सात जण. जिभाऊंनी मूग अजून पेरलेला नाही, नातू रोज सकाळी साडेआठच्या आधीच बाटलीपाशी असतो. दोघींनी वही हरवली, नव्या दिल्या.

७ जुलै, रविवार

शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे, तिच्यावर सुगरणींची घरटी लागली आहेत. मळेवाल्या आप्पांची परवानगी घेतली. विहिरीपासून बावीस पावलांवर दोरी बांधली, दोरीच्या अलीकडेच बसायचं, आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय कुणी जायचं नाही. या बाबतीत मी कुणाचं काही ऐकणार नाही. फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं होतं, तिथल्या ग्रंथदालनातून पक्ष्यांचं एक चित्रमय पुस्तक घेतलं होतं. ते आज कामी आलं.

अर्धा तास गप्प बसायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. अर्धा तास गप्प! सुरुवातीला पाच मिनिटंही जमेनात. हळूहळू जमलं, कारण समोर खरोखर काहीतरी चाललेलं होतं. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताची लांब पात चोचीत धरून आणतो, गाठ मारतो, उलटा लटकतो. वाळक्या काडीच्या रंगाचा दुसरा पक्षी येतो, आत डोकावतो, उडून जातो.

सहावीतली एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. तिची नोंद अशी : "पिवळा बांधतो. साधा नुसता बघून जातो." मी सांगितलं, पिवळा तो नर, साधी ती मादी. सगळं विणकाम नर करतो. अर्धं घरटं झालं, शिरस्त्राणासारखं, की माद्या ते बघायला येतात. एखादीला आवडलं तर तो ते पुरं करतो, खाली नळी विणतो. नाही आवडलं तर तसंच सोडून दुसरं सुरू करतो. बाभळीवर अर्धी राहिलेली घरटी दिसतात ती त्यामुळे.

लगेच तिचा प्रश्न आला, "तो बांधस ना, मंग सुगरण का बरं म्हणतस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. हाही प्रश्न भिंतीवर गेला. आता भिंतीवर सहा प्रश्न आहेत.

१७ जुलै, बुधवार

आषाढी, सुट्टी. वर्षातली दुसरी शून्य सावली आजच. काठी, ओळंबा, गडू सगळं मांडून बसलो, आकाश पूर्ण भरलेलं. १२ वाजून २० मिनिटांनी ढगातून क्षणभर उजेड पडला, काठीची आखूड सावली उमटली आणि गेली. आज मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांच्या आसपास होती, मेमध्ये २७ मिनिटांनी होती. सूर्य रोज घड्याळाच्या एकाच वेळी माथ्यावर येत नाही, हे कागदावर आधी मांडून ठेवलं होतं म्हणून निदान तेवढं हाती लागलं.

ढग हलेपर्यंत गोष्ट सांगितली. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगराखाली, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. सावल्या मोजून गणित करणारा माणूस, आणि त्याचं गणित मुलांना शिकवायची सोय आपल्या खानदेशात. आठशे वर्षांपूर्वी. पोरांना पाटणला न्यायचं आहे. एस.टी.चं भाडं आणि जेवण यांचा हिशेब मांडते आहे.

२८ जुलै, रविवार

सकाळपासून झड. बाहेर काही करता येईना, म्हणून चल्लस आठ मांडला. ओट्यावर पाच बाय पाचची घरं खडूने आखली, फुल्या मारल्या. चिंचोके दगडावर घासून अर्धे केले. चार अर्धे चिंचोके एकदम टाकायचे, पांढऱ्या बाजू जितक्या वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चार, एकही नाही तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा खेळायला मिळतं. शेजारच्या मोठी माय खेळायला बसल्या. त्यांना अक्षर येत नाही, पण सोंगटी कुठल्या घरात जाऊन मरेल हे त्या तीन दानं आधी सांगतात. दोन डावांत त्यांनी पोरांना चारी मुंड्या चीत केलं.

मग कुणीतरी म्हणालं, आठ सारखं पडतं आणि चार पडतच नाही. मोजू या म्हटलं. एकशे साठ दानं टाकली, दोघं टाकणारे, दोघं रेघा ओढणारे, पाच रेघांची एक जुडी. दरम्यान मी फळ्यावर चार चिंचोक्यांच्या सगळ्या शक्यता मांडायला लावल्या, पांढरा म्हणजे गोल, काळा म्हणजे ठिपका. सोळा निघाल्या. पुन्हा पुन्हा तपासल्या, सतरावी मिळेना. सोळांपैकी एकात चार, एकात आठ, चारांत एक, चारांत तीन, सहांत दोन. म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच पडत असत्या तर एकशे साठ दानांत चार दहा वेळा आणि आठही दहा वेळा यायला हवा.

आमचे आकडे : आठ २१ वेळा, एक ५३, दोन ५५, तीन २६, चार अवघे ५.

मोठी माय हसल्या. त्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, चिंचोका पालथा पडतो, सपाट बाजू खाली धरतो. त्या म्हणाल्या, कवड्या आणा, त्यांची चाल वेगळी असते. पुढच्या पावसाळी रविवारी कवड्यांची एकशे साठ दानं.

दोन तास एकही मूल उठलं नाही. बेरीज, जुड्या मोजणं, पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर न चिडणं, सगळं त्यात आलं. आणि म्हातारीला येतं ते आपल्याला येत नाही, हे मुलांना समोर दिसलं. तेही मला मोलाचं वाटतं.

४ ऑगस्ट, रविवार

जिभाऊंनी मूग पेरला त्याला महिना होत आला, उगवण चांगली आहे. थांबल्यामुळे चांगली की तशीही झाली असती, हे सांगता येत नाही. नातू मात्र सांगत सुटला आहे.

गावातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते येऊन गेले. मुलांचं काम बघून त्यांना आनंद झाला. पंधरा ऑगस्टला ज्याची वही सर्वांत जास्त भरलेली असेल त्याला बक्षीस द्यायचं म्हणाले, सायकल. मी क्षणभर थांबले, मग हो म्हटलं. सायकल म्हणजे या मुलांसाठी केवढी मोठी गोष्ट. शिवाय भल्या मनाने आलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? माझा दुसरा नियम मीच मोडला.

११ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई, खानदेशातला श्रावणातला सण. घरोघर रोट, पाहुणे. ओट्यावर कुणी येणार नव्हतंच. तरी सकाळी साडेआठला पटांगणात दोघं बाटली वाचताना दिसले, नवे कपडे घालून.

१८ ऑगस्ट, रविवार

पंधराला बक्षीस झालं. सायकल ज्याला मिळाली त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याचा दोष नाही.

आज सगळ्यांच्या वह्या घेऊन ऑगस्टचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, गावाचा नकाशा करायचा होता म्हणून. लिहिता लिहिता हात थांबला. चौथ्या तारखेनंतर चार वह्यांत रोज पाऊस. १०, १५, २०, १०. सगळे गोल आकडे, आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळींचं वर्णन, विजा, वारा, चिखल. वाचनालयाच्या दोन्ही बाटल्यांत त्यांतले सहा दिवस थेंब नाही. एक मुलगा दुसऱ्याकडे बोट दाखवून ओरडला, "हाऊ खोटं लिखस!" तो दुसरा रडायला लागला. आणि बोट दाखवणाऱ्याच्या वहीतही तेच होतं.

सर्वांत वाईट पुढे आहे. जिभाऊंच्या नातवाने वही उघडायलाच नकार दिला. सगळे गेल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली. सहा दिवस, सहा ओळी, प्रत्येक ओळीत तारीख आणि ०. म्हणाला, "ताई, माझी वही खराब आहे. नुसते शून्यच आहेत."

अडीच महिने या मुलाने जे कमावलं होतं ते मी दहा दिवसांत घालवलं. जास्त पानं भरणाऱ्याला सायकल, हे ऐकल्यावर मुलांनी पाऊस बघायचं सोडलं आणि पानं बघायला लागली. मुलांनी तेच केलं जे मोठी माणसं बक्षीस समोर धरल्यावर करतात. मला झोप नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

मंडळात जाऊन सांगितलं, पुढे बक्षीस नको. द्यायचंच असेल तर वाचनालयाला दोन भिंगं आणि एक मोजपट्टी द्या. थोडं वाईट वाटलं त्यांना, पण समजून घेतलं.

ओट्यावर मुलांना रागावले नाही. चूक माझी आहे, मी बक्षीसाला हो म्हणायला नको होतं, एवढंच सांगितलं. मग भिंतीवर मोठा कागद लावला आणि ऑगस्टचे एकतीस चौकोन आखले. जिभाऊंच्या नातवाच्या वहीतले सहा शून्य आधी त्यात भरले, त्यालाच भरायला लावले. मग विचारलं, हे सहा दिवस आपल्याला कशाला लागतील? थोड्या वेळाने उत्तरं यायला लागली. कपाशीला ताण कधी पडला ते कळेल. विहिरीचं पाणी त्या दिवसांत चढलं का ते बघता येईल. सहावीतली ती न बोलणारी म्हणाली, सुगरणीने त्या दिवसांत किती घरटी बांधली ते बघता येईल, गवत वाळलं असेल.

हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच पावसाचा दिवस धरतं, हेही सांगितलं. म्हणजे कमी पावसाचे आणि कोरडे दिवस तेही जपूनच लिहून ठेवतात. चौघांनी आपापल्या वह्यांतले खोटे आकडे खोडले. एकाने खोडून शेजारी लिहिलं, "बघितलं नाही." मला ते फार आवडलं. आता हा शेरा सगळ्यांसाठी चालू केला आहे.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. सुगरणींची शेवटची मोजणी. अकरा घरटी, चार पूर्ण नळीची, बाकी अर्धी. अकरांतली आठ झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. का? जुलैपासून बाभळीजवळच्या खांबाला कापडाची चिंधी बांधलेली आहे, ती पूर्वेकडे उडते हे रोजच्या नोंदीत आहे. वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचा, पाऊसही तिकडूनच झोडपतो. पूर्वेच्या अंगाला झाडाचाच आडोसा. हे पोरांनी स्वतः जुळवलं, चिंधीच्या वहीवरून. मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

गुलाबाई बसल्या आहेत, म्हणजे मुलींचा गाण्यांचा आणि खाऊचा सण. मुली घरोघरच्या आज्यांकडून गाणी लिहून आणत आहेत, एकाच गाण्याचे तीन पाठ मिळाले. खाऊ ओळखण्याचा खेळही ओट्यावर खेळलो : डबा हलवायचा, वास घ्यायचा नाही, फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे. आधी "लाडू का? चिवडा का?" असे एकेक अंदाज. मग एकीच्या लक्षात आलं की "गोड का?" असं विचारलं तर अर्धे पदार्थ एकदम बाद होतात. सहा प्रश्नांत खोबऱ्याची वडी निघाली.

१३ ऑक्टोबर, रविवार

नऊ जण टिकले. दोघं क्रिकेटकडे गेले, त्यांचा तो छंद आहे, चांगलंच आहे. तिघं का येत नाहीत ते घरी जाऊन विचारायला हवं.

१७ नोव्हेंबर, रविवार

मतदान झालं की सहावीतली ती मुलगी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार, कोल्हापूरकडे. मार्चपर्यंत परत नाही. शाळेने तिच्या तिकडच्या शिक्षणाचं काय करायचं ते बघायला हवं, त्यासाठी मी बोलते आहे. आज ती वही परत द्यायला आली होती.

वही घेतली नाही. एक मीटरची काठी कापून दिली, दोरीचा ओळंबा, एक पट्टी. तिकडे पाऊस नसेल, पण ऊन असेल. रविवारी दुपारी सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजायची आणि सर्वांत आखूड आकडा लिहायचा. तो तिच्या वडिलांच्या फोनवरून कळवायचा. आम्ही इकडे तेच करणार.

तिने विचारलं, "आकडा सारखाच येणार ना? काठी सारखीच आहे."

मी म्हटलं, मोजून सांग.

२२ डिसेंबर, रविवार

काल वर्षातला सर्वांत लहान दिवस होता. आज ओट्यावर साडेबाराच्या जरा आधी काठीची सावली सर्वांत आखूड झाली : ९८ सेंटिमीटर. जवळजवळ काठीएवढीच. मेमध्ये इथेच, याच काठीची सावली नव्हती.

दोन वाजता फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, तिचं बोलणं नीट ऐकू येईना. आकडा दोनदा विचारून घेतला : ८४.

भिंतीवर दोन्ही आकडे लिहिले, ९८ आणि ८४. काठी सारखी, दिवस तोच, सूर्य एकच. जिभाऊंच्या नातवाने वजाबाकी करून शेजारी १४ लिहिले. पहिलीतली चिमुरडी आता आकडे वाचते. तिने तिन्ही वाचले आणि मग मे महिन्यातल्या आपल्या प्रश्नाकडे बोट दाखवलं, तो अजून तिथेच आहे, थोडा पुसट.

"ताई, मंग हाई चौदा कोठे गयं?"

नकाशा काढून ओट्यावर पसरला आहे. अमळनेर आणि कोल्हापूर यांच्यामध्ये पोरं दोरी धरून बसली आहेत. साडेपाच वाजले, दिवा लावायला उठते.